खालच्या दोऱ्याचं कोडं

हाताने शिवताना सुई अख्खी कापडाच्या आरपार जाते, वळते आणि पुन्हा वर येते. मागोमाग दोऱ्याचं मोकळं टोक ओढलं जातं. मशीनची सुई कापड कधी ओलांडतच नाही. तिचं डोकं वर दांड्यात कसलेलं. टोक तेवढं खाली डोकावतं आणि आल्या वाटेने परत फिरतं. खालच्या दोऱ्याचं एक टोक शिवलेल्या कापडात अडकलेलं, दुसरं बॉबिनच्या पोटात गुंडाळलेलं. मोकळं टोक वरच्या आणि खालच्या दोऱ्यांपैकी कुणाकडेच नाही. मग हे दोन दोरे एकमेकांत अडकतात कसे?

आरमोरीला आत्याकडे उषा कंपनीच्या पायमशीनवर शिकताना हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, कारण सगळं लक्ष पायाकडे होतं. पहिले काही दिवस मशीनला दोराच नसे. वहीचा रेघी कागद सुईखाली सरकवायचा आणि रेघ धरून नुसती भोकं पाडायची. “पाय आंदी सिकते पोरी, हात मंग,” आत्या म्हणायची. कोशाच्या कापडाला तर शिकाऊ हात लावू देत नसे. झबल्यापुरत्या मांजरपाटावर भागवायचं.

पाय शिकतो म्हणजे काय, ते मला फार पुढे कळलं. पायडल नुसतं खाली-वर होतं आणि त्याला जोडलेली दांडी मोठं चाक गोल फिरवते. पण दर फेरीत दोन जागा अशा येतात की दांडीचा जोर थेट चाकाच्या मधोमध जातो. तिथे पायाने कितीही रेटा, चाक ढिम्म. चाक त्या जागेच्या जरा अलीकडे-पलीकडे उभं असलं की फिरतं, पण उलट दिशेलाही फिरू शकतं, आणि उलटं फिरलं की दोरा गुंतून तुटतो. म्हणून उजव्या हाताने वरचं लहान चाक आपल्याकडे ओढून सुरुवात करायची. एकदा गती आली की बिडाच्या जड चाकाचा वेगच त्या दोन अवघड जागा पार करतो. पायाने लय तेवढी राखायची. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात पट्टा वरचं चाक चारेक वेळा फिरवतो, म्हणजे चारेक टाके. पावसाळी हवेत चामड्याचा पट्टा सैल पडे. मग तो जरासा कापायचा, तारेची क्लिप पुन्हा दाबून बसवायची. या मशीनला वीज लागत नाही, ही गोष्ट पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटणाऱ्या भामरागडासारख्या ठिकाणी फार मोठी.

आता कोड्याकडे. पहिली युक्ती सुईत आहे. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. अमेरिकेच्या इलायस हाऊने 1846 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रातही सुई अशीच होती. ही सुई तळाला पोचते आणि किंचित वर उचलली जाते. एका बाजूला तिच्या अंगावर लांब खाच असते, तिथला दोरा सुईबरोबर सुखाने वर सरकतो. दुसऱ्या बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणाने अडतो आणि फुगून बाहेर येतो. हा एवढासा फास. त्याच क्षणी बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचं अणकुचीदार टोक फासात शिरतं, त्याला ओढून मोठा करतं आणि बॉबिनच्या डबीवरून पलीकडे उतरवतं. म्हणजे खालच्या दोऱ्याचं टोक फासातून जातच नाही. अख्खं बॉबिन फासातून जातं! दोरीच्या उड्या मारताना दोरी पोरीला डोक्यापासून पायापर्यंत वळसा घालते ना, तसंच.

पण बॉबिन कुठेतरी बसवलेलं असणारच, मग दोरा तिथे अडत कसा नाही? कारण ते कशालाही जखडलेलं नसतं. डबी शटलमध्ये नुसती टेकलेली, चहूबाजूंनी दोरा सरकेल एवढी फट सोडून. मला यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट ही फटच वाटते.

वळसा झाला की वरचा खालीवर होणारा हात दोरा मागे खेचतो आणि गाठ कापडाच्या जाडीत लपते. टाका दोन-तीन मिलिमीटरचा, पण बॉबिनला वळसा घालायला काही इंच दोरा लागतो. त्यातला बहुतेक परत वर जातो. म्हणजे टिपेत बसण्याआधी दोऱ्याचा तोच तुकडा नेढ्यातून वीसेक वेळा तरी ये-जा करून आलेला असतो. फुसका दोरा मशीनवर का टिकत नाही, ते यावरून समजावं.

या यंत्राची बाजू गांधीजींनीही घेतली होती. यंत्रांना सरसकट विरोध आहे का, असं 1924 मध्ये विचारलं तेव्हा गांधीजींनी सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून बाजूला काढलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट गोड, पण इतिहासाला धरून नाही: सिंगरचे संसार अनेक, मुलं वीसेक, आणि बायकोच्या शिवणकामाची कथा सांगितली जाते ती हाऊची. सूत हाताचं, विणकाम हाताचं आणि सदऱ्याची टीप मशीनची, ही गांधीजींची तडजोड मला आजही मजेची वाटते.

खालच्या दोऱ्याशिवायही शिवता येतं. फ्रान्सचा शिंपी तिमोनिए याने 1830 मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र एकाच दोऱ्याने साखळी टाका घाली: प्रत्येक फास पुढच्या फासाला धरून ठेवतो. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले, तर पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी ती फोडली. त्याच जातीचा टाका आजही मूल गावच्या राइस मिलमधून निघालेल्या तांदळाच्या कट्ट्यावर असतो. शिवण जिथे संपली ते टोक सोडवून ओढा, तोंड सरसर उसवतं. सुरुवातीच्या टोकाला कितीही हिसके द्या, उपयोग नाही. परकराच्या टिपेला मात्र दोन्हीकडून इलाज नाही. तिथे ब्लेडने चार-पाच टाक्यांआड वरचा दोरा कापत जायचं, मग कापड उलटून खालचा ओढायचा. तो सबंध हाती येतो.