मंदावलेला लॅपटॉप : कारणमीमांसा आणि उपाययोजना

बोलींच्या अभ्यासकाजवळ आज वही-पेन्सिलीच्या जोडीला लॅपटॉप असतो. आणि तो बहुधा नवा नसतो. बुलढाणा शहराजवळच्या देऊळघाटासारख्या गावी, जेथे वऱ्हाडी मराठी आणि उर्दू शेजारीशेजारी नांदतात, एखाद्या वृद्ध निवेदकाचे तासभराचे बोलणे मुद्रित करून आणावे आणि ती फाइल उघडण्यातच सकाळचा उत्साह संपून जावा, अशी तक्रार पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येते. ‘यंत्र म्हातारे झाले, आता नवे घ्या’ असा सल्लाही अशा वेळी तत्परतेने मिळतो. हा सल्ला खर्चाचा तर आहेच, पण पुष्कळदा तो चुकीच्या निदानावर आधारलेला असतो. लॅपटॉप मंदावतो म्हणजे नेमके काय होते, त्याची कारणे कोणती व त्यांवर कोणत्या क्रमाने उपाय करावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ‘मंद’ या शब्दाची फोड

‘लॅपटॉप मंद झाला’ या एका वाक्याखाली निदान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, यंत्र सुरू होण्यास व फाइल उघडण्यास लागणारा विलंब. दुसरी, तीन-चार कामे एकदम उघडी असता एकातून दुसऱ्यात जाताना होणारी अडखळ. तिसरी, आरंभी बरे चालणारे यंत्र अर्ध्या-पाऊण तासाने रेंगाळू लागणे. चौथी, कोणतेही काम केव्हाही केले तरी जाणवणारी एकसारखी मंदता. या चारींची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे आहेत. ज्याप्रमाणे एका शब्दाचे अनेक अर्थ न निवडता केलेले भाषांतर फसते, त्याप्रमाणे या तक्रारी न निवडता केलेली दुरुस्ती फसते.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. गणन करणारा जो प्रोसेसर, तो बैलगाडीच्या आसाप्रमाणे झिजून हळूहळू मंदावत नाही. त्याला ताल देणारे स्फटिकाचे घड्याळ दहा वर्षांनंतरही व्यवहारतः तितकेच ठोके देते. खरोखर जुने होतात ते फिरते भाग : हार्ड डिस्क आणि पंखा, शिवाय बॅटरी, आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यासाठी लावलेला लेप. या शारीरिक जीर्णतेखेरीज दुसरी गोष्ट घडते ती यंत्राबाहेर. त्यावर चालणाऱ्या प्रणालींचा भार वर्षानुवर्षे वाढत जातो. स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच असे दाखवून दिले होते की, यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात तिच्याहून अधिक गतीने त्यांवरील प्रणाली जड होत जातात. म्हणजे यंत्राची शक्ती घटत नाही. त्याच्या पाठीवरचे ओझे वाढते.

यास एक अपवाद सांगितला पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या नावांनी प्रोसेसरांच्या रचनेतील काही उणिवा उघडकीस आल्या. त्या झाकण्यासाठी जी सुधारणा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये करण्यात आली, तिने काही जुने प्रोसेसर थोडेसे मंदावले. पण सुरक्षिततेसाठी दिलेली ही किंमत आहे. ती वाचविण्याचा मोह धरू नये.

२. प्रतीक्षेचे गणित

मंद लॅपटॉप बहुतेक वेळ काम करीत नसतो, तर वाट पाहत असतो. ही वाट कोणाची, हे समजण्यासाठी स्मृतीचे दोन थर लक्षात घ्यावयास हवेत. रॅम म्हणजे अभ्यासकाच्या मेजावर उघडी पडलेली पुस्तके. डिस्क म्हणजे ग्रंथालयातील फडताळ. मेजावरील पान चटकन उलटता येते. फडताळातील पुस्तकासाठी उठावे लागते.

हे ‘उठणे’ किती महाग आहे ते पाहू. जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा होतो, आणि हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे १२ मिलिसेकंद धरले तर एका शोधाला १७-१८ मिलिसेकंद होतात. रॅममधून तेच काम सुमारे १०० नॅनोसेकंदांत होते. रॅमला एक सेकंद लागतो असे मानले तर त्याच प्रमाणात या डिस्कला सुमारे दोन दिवस लागतील. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला मात्र या मापाने पाऊण तासापेक्षाही कमी, बहुधा पंधरा-वीस मिनिटे पुरतील. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. यावरून हे ध्यानी येईल की, जुन्या यंत्रातील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली असता जो पालट दिसतो, तो प्रोसेसर बदलूनही सहसा दिसणार नाही.

आता रॅमचा विचार. मेज पुस्तकांनी भरले की एक पुस्तक फडताळात ठेवून दुसरे आणावे लागते. रॅम भरली की संगणकही तिच्यातील मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. दुसऱ्या प्रकारची अडखळ यातूनच उद्भवते. आपल्या विषयातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. निवेदकाच्या उच्चारात ‘ळ’ आणि ‘य’ यांच्यामधील नेमका कोणता ध्वनी आहे हे ठरविण्यासाठी आपण ‘प्राट’ या प्रणालीत त्याचा वर्णपट काढतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटांचा, अशा एकपदरी मुद्रणाचा एक तास डिस्कवर सुमारे ३१७ मेगाबाइट जागा घेतो. परंतु प्राट तो रॅममध्ये घेताना प्रत्येक नमुन्यास आठ बाइट देते. त्यामुळे तीच फाइल मेजावर चौपट, म्हणजे सुमारे १.२७ गिगाबाइट पसरते. चार गिगाबाइट रॅमच्या यंत्रात, ब्राउझर उघडा असता, एवढी मोकळी जागा क्वचितच उरते. यास विनाखर्चाचा उपाय आहे. दीर्घ मुद्रण ‘ओपन लाँग साउंड फाइल’ या आज्ञेने उघडावे. तसे केल्यास फाइल डिस्कवरच राहते आणि पाहावयाचा तेवढाच भाग रॅममध्ये येतो. यंत्र तेच, रॅम तीच. बदलली ती फक्त काम करण्याची रीत.

३. उष्णता

प्रोसेसर तापू लागला की स्वतःचा बचाव करण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. बहुतेक लॅपटॉपांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा भेद बोलीप्रमाणे हवेतही केला जातो. घाटावरच्या बुलढाण्यापेक्षा घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावी उन्हाळा अधिक कडक असतो. भोवतालची हवाच चाळिशीपार गेली की पंख्याला यंत्रातील उष्णता बाहेर टाकण्यास वाव उरत नाही. त्यात पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसलेला असावा आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खालचे झरोके बुजविलेले असावेत, म्हणजे तिसऱ्या प्रकारची मंदता ठरलेलीच. अशा यंत्राला रॅम वाढवून वा एसएसडी बसवून उपयोग नाही. पंखा साफ करणे, वाळलेला लेप बदलणे आणि यंत्र कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवणे हाच त्यावरील इलाज होय.

४. निदान

वरील कारणांपैकी कोणते लागू आहे हे अंदाजाने ठरवू नये. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र रेंगाळत असतानाच त्यातील आकडे पाहावेत. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांजवळ आणि प्रोसेसरचा अगदी अल्प असेल, तर प्रतीक्षा डिस्कची आहे. मेमरीचा आकडा नव्वदीच्या घरात असेल, तर रॅम अपुरी आहे. डिस्कची धावपळ हा तिचाच परिणाम असू शकतो. प्रोसेसरवर पुष्कळ भार असूनही त्याचा दाखविलेला वेग त्याच्या मूळ वेगाहून बराच खाली उतरला असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. आणि प्रोसेसर पूर्ण वेगाने चालून सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर कोणती प्रणाली तो व्यापून आहे हे त्याच यादीत दिसेल. एखादे संकेतस्थळ तेवढे उशिरा उघडत असेल, तर दोष कदाचित जोडणीचा आहे, यंत्राचा नव्हे.

५. उपायांचा क्रम

पहिला उपाय वेगाशी संबंधित नाही, तरीही तो पहिलाच आहे : सर्व सामग्रीची प्रत काढणे. हार्ड डिस्क मरणपंथाला लागली की खराब झालेली जागा ती पुनःपुन्हा वाचून पाहते, आणि बाहेरून हे केवळ मंदत्वच भासते. अशा डिस्कवर ‘वेग वाढविण्याचे’ प्रयोग करणे म्हणजे तिचे उरलेले श्वास वाया घालविणे होय. मुद्रणांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी.

दुसरा, विनाखर्चाचा उपाय : यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक प्रणाली बंद करणे, ब्राउझरमधील नको ती जोडउपकरणे काढणे आणि डिस्कचा निदान पाचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवणे. पटलावरील चित्रे कमी केल्याने वेग वाढतो ही समजूत मात्र निराधार आहे. ‘रजिस्ट्री साफ करणाऱ्या’ प्रणाली लाभापेक्षा हानीच अधिक करतात. विखुरलेल्या फाइली एकत्र आणणारे ‘डीफ्रॅगमेंटेशन’ फिरत्या डिस्कला उपकारक आहे. एसएसडीला त्याची गरज नाही.

तिसरा, अल्प खर्चाचा : पंख्याची सफाई. चौथा, मध्यम खर्चाचा : एसएसडी, आणि शक्य असल्यास रॅम चारवरून आठ गिगाबाइट करणे. काही लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकालाच डाखलेली असते व ती वाढविता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी चौकशी करावी. एसएसडी हे कामाचे माध्यम आहे, संग्रहाचे नव्हे. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या एसएसडीतील सामग्री टिकेलच याची शाश्वती नाही.

पाचवा उपाय ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षाविषयक सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर तीत बसत नाहीत. परिणामी, चालती असलेली असंख्य यंत्रे केवळ नियमाने बाद ठरली. अशा यंत्रांवर ‘लिनक्स मिंट’सारखी हलकी प्रणाली बसविता येते, आणि आपली नित्याची साधने, प्राट व नायमेगन येथील माक्स प्लांक संस्थेची ‘एलान’, लिनक्सवर चालतात.

मात्र स्थलांतरापूर्वी मराठीच्या अभ्यासकाने दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला जुना मजकूर त्या टंकाविना निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. दुसरे, ‘वऱ्हाडी’ हा शब्दच कसोटीसाठी वापरावा. यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना भिन्न शब्द समजू शकतो. एका यंत्रावर तयार केलेला शब्दसंग्रह दुसऱ्यावर नेल्यावर निम्मी उदाहरणे ‘हरवली’, तर दोष यंत्राचा नसून या द्विविध लेखनाचा असण्याचा संभव आहे.

६. मर्यादा आणि समारोप

या उपायांनाही सीमा आहे. ध्वनिमुद्रणाचे आपोआप लिप्यंतर करणाऱ्या नव्या प्रणालींना जे गणनसामर्थ्य लागते, ते दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये कोणत्याही युक्तीने आणता येणार नाही. दोन गिगाबाइट डाखलेली रॅम असलेल्या यंत्रावर खर्च करण्यातही अर्थ नाही. परंतु ऐकणे, लिहिणे, वर्णपट काढणे, शब्दसंग्रह करणे ही आपली मुख्य कामे जुने यंत्र आणखी काही वर्षे निश्चित करू शकते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याचे क्षेत्रकार्य होणार की नाही, हे कधीकधी एवढ्यावरच ठरते.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९१३ पासून त्या सर्वेक्षणाला पूरक अशी ग्रामोफोन मुद्रणे होऊ लागली. त्या तबकड्यांतील आवाज आज ऐकावयास मिळतात, ते तबकड्या टिकल्या आणि त्यांतील ध्वनी पुढे नव्या माध्यमावर उतरविला गेला म्हणून. लॅपटॉप मंदावला तर तो दुरुस्त करता येतो, बदलता येतो. देऊळघाटच्या वृद्ध निवेदकाचे बोलणे मात्र त्याच्यामागून पुन्हा मुद्रित करता येत नाही. म्हणून यंत्राचा वेग वाढविण्याची खटपट अवश्य करावी, पण तिचा आरंभ नेहमी प्रत काढण्यापासून करावा.