अंगावरून पांढरे जाते? लपवू नका!

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले की भगिनी एकमेकींची सुखदुःखे बोलतात. कोणी कंबर सांगते, कोणी गुडघे. एक दुखणे मात्र तेथेही ओठावर येत नाही : खाज, आग आणि अंगावरून पांढरे जाणे. त्याला धुपणी म्हणायचे आणि 'बाईला हे असायचेच' म्हणून गप्प बसायचे!

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. रोगाइतकेच हे मौन घातक आहे.

ओळखावे कसे?

थोडा, वास नसलेला पांढरा स्राव प्रत्येक स्त्रीला जातो. दोन पाळ्यांच्या मध्यावर व गरोदरपणात तो वाढतो. तो रोग नव्हे. त्याने हाडे झिजत नाहीत.

दह्यासारखा घट्ट स्राव, फार खाज आणि लघवीच्या वेळी आग, ही बहुधा बुरशीची लक्षणे. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास येणारा स्राव असेल तर आतील जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या जंतूमुळे होऊ शकतो. तो शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून पतीनेही औषध घेतलेच पाहिजे.

बुरशी का वाढते?

योनिमार्गातील उपयोगी जंतू बुरशीला आवर घालतात. अँटिबायोटिक गोळ्यांनी ते मरतात आणि बुरशी फोफावते. मधुमेह व गरोदरपण हीही कारणे आहेत. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासा. बुरशीचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही.

उपाय काय?

बुरशीवर क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री योनिमार्गात ठेवतात किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी तोंडाने देतात. बहुतेकींना थोड्याच दिवसांत आराम पडतो. गरोदर स्त्रीने तोंडाने घ्यायची गोळी घेऊ नये. बुरशीचे औषध इतर दोन त्रासांच्या औषधांपेक्षा वेगळे. म्हणून शेजारणीची गोळी आणू नका. आशाताईंशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, स्त्री डॉक्टरची मागणी करा. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल तर एक दिवसही थांबू नका.

साबण किंवा जंतुनाशक पाणी आत घालून धुऊ नका. उपयोगी जंतू मरतात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. सुती कपडे वापरा. ते लुगड्याखाली लपवून नव्हे, उन्हात वाळवा.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख जाते, हे तथागतांनी शिकवले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छ राहायला सांगितले. पतीची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण होऊन राहा, असेही सांगितले. मग 'मला त्रास होतो, दवाखान्यात चला' एवढे घरात म्हणायला लाज कसली? पुढच्या वाचनाच्या दिवशी एकीने तरी हा विषय काढावा.

जयभीम!