तोटा घरी सांगता आला पाहिजे

कापूरहोळच्या फाट्यावर दिवसभर वाहनांची वर्दळ असते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग, एका अंगाला भोरचा रस्ता, दुसऱ्या अंगाला नारायणपूर-सासवडचा. एका संध्याकाळी मी तिथे भोरच्या एसटीची वाट पाहत होते, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दुचाकीच्या सुट्या भागांचं त्याचं छोटं दुकान आहे. "मॅडम, पाच मिनिटं बोलायचंय," म्हणाला आणि मग बराच वेळ बोललाच नाही.

एसटी आली, निघूनही गेली. मग त्याच्या तोंडून आकडा निघाला. ४ लाख ८० हजार रुपये. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या व्यवहारात चौदा महिन्यांत गेलेले. त्यात अम्मीच्या भिशीचे पैसे होते, बायकोचे दागिने तिला न विचारता गहाण टाकलेले होते आणि मोबाइलवरच्या ॲपचं कर्जही होतं. घरात कुणालाच पत्ता नव्हता.

"पैसे गेल्याचं दुःख आहेच," तो म्हणाला, "पण जेवायला बसलो की घास उतरत नाही. अम्मी विचारते, दुकान कसं चाललंय? रोज खोटं बोलतो."

असा मुलगा आपल्यापैकी अनेकांच्या घरात असू शकतो. भाव वर जाईल की खाली, यावर ठरावीक मुदतीसाठी पैसे लावण्याचा हा व्यवहार मोबाइलमुळे गावोगाव पोहोचला आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. सलग दोन वर्षं तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळतच राहिले.

ते थांबत का नाहीत? डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याची उकल मांडली. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. आणि तोट्यात असलेला माणूस तो भरून काढण्यासाठी एरवी कधी घेणार नाही असा धोका पत्करतो. "एकदा मुद्दल निघू दे, मग हात लावणार नाही," हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने स्वतःला कितीदा सांगितलं असेल! त्याचा निम्म्याहून जास्त तोटा या वाक्यानंतरचा आहे.

आपल्या घरांत यावर आणखी एक ओझं असतं. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्येच बाजारातले असे ऑप्शन करार नाजायज ठरवले आहेत. वर ॲपच्या कर्जाचं व्याज. म्हणजे पैसे गेले, शिवाय गुन्हा केल्याची टोचणी. ही टोचणी तोबाकडे नेईल तर चांगलीच. पण पुष्कळदा ती माणसाचं तोंड बंद करते. मग चूक झाकण्यासाठी दुसरी चूक होते. तोबा म्हणजे थांबणं आणि ज्याचं हक्काचं त्याला परत करणं. घरच्यांपासून लपून हे दोन्ही जमत नाही.

तोट्याने माणूस संपतो, हेही खरं नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचं वेड पसरलं. बॅकबे रिक्लेमेशन कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांपर्यंत चढला. युद्ध संपलं, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ या वायदे पुरे करण्याच्या दिवशी शेकडो माणसं बुडाली. त्या बाजाराचे बादशहा समजले जाणारे प्रेमचंद रायचंदही बुडाले. पण ते पुन्हा व्यापारात उभे राहिले आणि १९०६ पर्यंत जगले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा आहे.

त्या संध्याकाळी मी विद्यार्थ्याला एवढंच म्हटलं, "उद्या जुम्मा आहे. नमाजनंतर अब्बांना सांग. आकडा कमी करून सांगू नकोस."

त्याने सांगितलं. अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" माझ्या मते, अशा वेळी बापाने विचारावा असा हाच प्रश्न. रागावलेल्या घरात मुलगा अर्धंच सांगतो आणि उरलेलं अर्धं त्याला आतून पोखरतं.

मग बापलेकांनी वहीच्या एका पानावर लिहून काढलं की कुणाचं किती द्यायचं आहे. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायचं ठरलं. ट्रेडिंगचं ॲप काढलं, टिप्स देणारे ग्रुप सोडले. अब्बांनी दोन नातेवाइकांकडे जाऊन बिनव्याजी मुदत मागून घेतली. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण कुरआनात आहेच. ती आपण ऐकतो फार, देतो कमी.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. अम्मी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. बायको माहेरी गेली आणि महिन्याने परतली. दागिने तिच्या मालकीचे होते, तिचा राग रास्त होता. "सब्र कर" म्हणून तिला गप्प करणं हा अन्याय झाला असता. त्याने तिची माफी मागितली आणि सर्वांत आधी तिचेच दागिने सोडवीन, असा शब्द दिला.

घरच्यांनी एक गोष्ट ओळखायला हवी. तोटा झालेला माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, दिवसरात्र आणि मराठीतही मिळते. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसंच हे. ईमान कमजोर असल्याची ती खूण नाही.

आणि "असं केलं असतं तर" हा जप थांबवा. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय असा की, या 'जर-तर'मुळे सैतानाला दार उघडं होतं. मागच्या भावांचे आलेख पुन्हा पुन्हा पाहणं हाही तोच जप.

माझ्या विद्यार्थ्याचं दोन लाखांवर देणं अजून बाकी आहे. दागिने मात्र सुटले. अम्मी अजूनही विचारते, दुकान कसं चाललंय? मंदी असली की तो "मंदी आहे" म्हणतो आणि जेवायला बसतो.