दुनळी बंदूक आणि काळा गंज

खर्डी, शहापूर, मुरबाड या भागात आजोबा-पणजोबांच्या काळातली परवान्याची दुनळी बंदूक एखाद्या घरात असू शकते. ती दुरुस्त करायची, तर प्रथम काय तपासावे? तिची नळी!

अशा बंदुका बहुधा ‘बारा बोअर’च्या असतात. हा आकडा मिलिमीटरांचा नव्हे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास, तोच नळीचा आतला व्यास. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, म्हणून एक गोळा ३७.८ ग्रॅमचा. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. आता गोलाच्या घनफळाच्या सूत्राने व्यास काढा. उत्तर सुमारे १८.५ मिलिमीटर येईल.

पावसाळ्यातल्या दमट हवेत लोखंडावर तांबडा गंज चढतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी व ऑक्सिजन आत पोचतात आणि खालचे लोखंडही गंजत जाते. मग गंजाचे खड्डे जाईपर्यंत नळी घासली की झाले का? नाही! काडतूस उडते तेव्हा नळीच्या मागच्या भागात वातावरणाच्या कित्येकशे पट दाब निर्माण होतो. नळीच्या भिंतीतील ताण ढोबळमानाने असा: दाब × त्रिज्या ÷ जाडी. जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट होतो. म्हणजे अती घासलेली नळी चकचकीत दिसेल, पण फुटेल. जुन्या इंग्रजी बंदुकांवर बर्मिंगहॅमच्या (स्थापना १८१३) परीक्षागृहाचा शिक्का आढळतो. पण तो चाचणीच्या वेळच्या जाडीची ग्वाही देतो, आजच्या नव्हे. म्हणून जाडी मोजणे आवश्यक. ती कमी भरली, तर बंदूक केवळ जपून ठेवायची वस्तू समजावी.

नळी साफ झाल्यावर कारागीर एक गंमत करतात. तिच्यावर आम्लयुक्त द्रावण लावून मुद्दाम पातळ गंज आणतात आणि नळी पाण्यात उकळतात. तांबड्या गंजाचे काळ्या ऑक्साइडात, म्हणजे मॅग्नेटाइटात, रूपांतर होते. सैल कण झाडून हीच क्रिया अनेकदा करतात. हा काळा थर घट्ट चिकटतो व तेल धरून ठेवतो. गंजाचाच गंजाला अटकाव!

बंदुकीला मात्र तुम्ही हात लावू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ती बाळगायला परवाना लागतो आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही. तुमच्यासाठी साधा खिळा पुरे. जस्ताचा मुलामा नसलेला खिळा मिठाच्या पाण्याने भिजवून गंजवा, स्वच्छ धुवा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात उकळा. तांबडा रंग काळा होताना तुम्हांला दिसेल.