कला गोंगाट, दाब-नियंत्रित आंदोलकातील
विद्युत् दाब बदलून ज्याची कंप्रता बदलता येते अशा आंदोलकाच्या तरंगाच्या कलेत (आवर्तनातील स्थितीत) होणारे सूक्ष्म, यदृच्छ चढउतार. आदर्श आंदोलकाचा वर्णपट म्हणजे एकच रेषा. प्रत्यक्षात तिच्या दोन्ही बाजूंस गोंगाटाची झालर असते व शेजारचा क्षीण संदेश तीत बुडतो.

डी. बी. लीसन यांच्या १९६६ मधील सूत्रानुसार हा गोंगाट अनुस्पंदी मंडलाच्या गुणवत्ता गुणांकाच्या वर्गाच्या आणि संदेशाच्या शक्तीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून वेटोळ्यातील व व्हॅरॅक्टर द्विप्रस्थातील रोध कमी ठेवतात. खरी अडचण नियंत्रणाची आहे. दर व्होल्टमागे कंप्रता जितकी अधिक सरकते, तितका नियंत्रक दाबातील गोंगाट कलेत अधिक उतरतो. विस्तृत पल्ला आणि शांतता एकत्र मिळणे अवघड. यासाठी धारित्रे जोडून-तोडून पल्ला लहान पट्ट्यांत विभागतात. आंदोलकाची कला स्फटिकाच्या स्थिर संदर्भाशी जखडल्यास मंद चढउतार दडपले जातात. जलद चढउतारांवर ताबा राहत नाही, म्हणून आंदोलक मुळातच शांत असावा लागतो. शिवाय कंप्रता दुप्पट केली की संदर्भाचा गोंगाट ६ डेसिबेलने वाढतो.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकात ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचे संदेश कला जुळवूनच एकत्र करतात. मूळ रचनेत प्रत्येक तबकडीजवळच्या स्थानिक आंदोलकास मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशीय तंतूने संदर्भ पुरवीत. सुधारित रचनेत तबकडीवरील रेडिओ संदेशच तंतूने तेथे आणतात व कंप्रतेचे रूपांतर त्या एकाच ठिकाणी होते.