‘डिसअपॉइंटमेंट’ची वाट

डोंबिवलीत थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणि बाबांची कानटोपी कपाटाबाहेर! त्या घरातली मी गोठलेलं तळं तुडवून तंबूत झोपले, यावर आईचा अजून विश्वास नाही.

मिनियापोलिसला नोकरीसाठी आल्यावर पहिले दोन हिवाळे आम्ही नवरा-बायकोने हीटरला चिकटून काढले. तिसऱ्या वर्षी ऑफिसमधला इथलाच एक सहकारी म्हणाला, ‘थंडी संपायची वाट बघाल तर अर्धं आयुष्य खिडकीत जाईल.’ पटलं! जानेवारीत एका वीकेंडला आम्ही तिघं गाडी काढून ईली गावी पोचलो. इथून बाउंडरी वॉटर्स सुरू होतं. कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकर जंगल आणि हजारावर तळी! वाटेत टॉवर गाव लागलं. २ फेब्रुवारी १९९६ रोजी इथे पारा उणे ५१ सेल्सिअसला गेला होता, हा मिनेसोटाचा रेकॉर्ड. नवऱ्याने लगेच दुसरे मोजे चढवले.

प्लॅन सोपा होता. स्कीजवरून स्नोबँक लेक ओलांडायचं आणि पलीकडच्या डिसअपॉइंटमेंट लेकवर मुक्काम. (नाव खरंच असं आहे!) सामान कमरेला बांधलेल्या घसरगाडीवर. सहकाऱ्याने बर्फाला भोक पाडून जाडी मोजली. चौदा इंच! चालायला चार इंच टणक, स्वच्छ बर्फ पुरतो. मग काय टेन्शन?

टेन्शन बर्फाच्या वर असतं, हे मध्यावर कळलं. साचलेल्या हिमाच्या ओझ्याने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या पांघरुणाखाली न गोठता लपून राहतं. हा स्लश. वरून सगळं पांढरंशुभ्र! नवऱ्याची डावी स्की त्यातच रुतली. बाहेर काढली तर तळाला बर्फाचा थर, घसरेचना. खरवडून पुढे निघालो.

थोड्या वेळाने तो मागे पडू लागला. ‘काही नाही गं, चल.’ त्याचं ‘काही नाही’ मी चांगलं ओळखते! जवळ जाऊन पाहिलं, तर बूट घोट्यापर्यंत ओला, वरून कडक.

‘अरे, बोटं जाणवतायत का?’

तो गप्प. मग हळूच म्हणाला, ‘त्याच्यासमोर कसं सांगू? म्हणेल, यांना झेपत नाही.’

साडेतीन वाजले होते. पाचच्या सुमारास सूर्य मावळणार. सहकारी एवढंच म्हणाला, ‘आज इथेच थांबायचं. आणि पुढच्या वेळी पहिल्या मिनिटाला सांगायचं.’ काठावर झाडांच्या आडोशाला तंबू लागला. नवऱ्याचा पाय मी जॅकेटच्या आत, पोटाशी धरून बसले. बऱ्याच वेळाने बोटांना मुंग्या आल्या, तो कळवळला आणि मला रडूच आलं. आनंदाने!

रात्री तळं बोलतं. ढुम्म! मग दूरवर जाणारा सूंऽऽ. मी ताडकन उठून बसले. ‘झोपा, थंडीने बर्फ आकसतोय,’ शेजारच्या स्लीपिंग बॅगमधून आवाज आला.

डिसअपॉइंटमेंट लेक राहिलंच. पण नवरा आता ‘काही नाही’ म्हणत नाही. निदान थंडीत तरी!

जाताय? मग हे लक्षात ठेवा
- कॉटन घरी ठेवा, लोकर घाला. कोरड्या मोज्यांचा एक जोड राखून ठेवा.
- गळ्यात आइस पिक्स हवेतच. पाण्यात पडलात तर तेच बर्फात रोवून वर येता येतं.
- पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं.
- पाय ओला झाला? लगेच बोला!