आधी कॉम्प्युटर की आधी मशीन? दोन्ही एकदम!



थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. गणपतीत पुठ्ठ्याची आणि एमडीएफची जोडायची मखरं बाजारात दिसतात. माकुणसार आणि आसपासच्या गटांत त्यावरून एकच चर्चा असते. हे काम आपल्याला जमेल का? आणि जमवायचं तर आधी कॉम्प्युटरचा कोर्स लावायचा, की गटातून कर्ज काढून आधी मशीन घ्यायची?

माझं उत्तर असं: पहिल्याच दिवसापासून दोन्ही सोबत शिका. मशीन विकत मात्र लगेच घेऊ नका. का, ते सांगते.

हे दोन शब्द काय आहेत?

डिजिटल डिझाईन म्हणजे वस्तूचं चित्र मापासकट कॉम्प्युटरवर काढणं. डिजिटल फॅब्रिकेशन म्हणजे त्याच फाइलवरून मशीनने वस्तू कापणं किंवा घडवणं. लेझर कटर लाकूड-पुठ्ठा कापतो, व्हायनल कटर स्टिकर कापतो, थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकचे थर रचून वस्तू बनवतो.

आता विचार करा. शिलाईच्या क्लासमध्ये सहा महिने नुसती कागदावर मापं काढायला लावली आणि कात्री सातव्या महिन्यात हातात दिली, तर ब्लाउज शिवता येईल का? ब्लाउज अंगावर चढला की मगच कळतं, माप कुठे चुकलं. इथेही तसंच आहे.

खाचेचा हिशोब

मखराचे भाग खाचेत खाच अडकवून उभे राहतात. समजा, तुमचं एमडीएफ बरोबर ३ मिमी जाड आहे, म्हणून तुम्ही खाचही ३ मिमीची काढली. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. पण कापून आणल्यावर जोड लुळा पडतो.

कारण करवतीने लाकूड कापताना जसा भुसा पडतो, तसा लेझरही थोडा भाग जाळून टाकतो. तो ०.२ मिमी जाळत असेल, तर ३ मिमीची खाच ३.२ मिमीची होते. म्हणजे खाच २.८ मिमीचीच काढायला हवी. कापड बेतताना आपण शिलाईसाठी माया सोडतो ना? तसाच हा हिशोब, फक्त खाचेला उलटा.

हा आकडा मशीन आणि माल बदलला की बदलतो, म्हणून तो पाठ करून उपयोग नाही. तुकड्यावर कंगव्यासारख्या २.६, २.७, २.८, २.९ आणि ३ मिमीच्या खाचा कापायच्या, दुसरा तुकडा अडकवून बघायचा आणि जी खाच घट्ट बसेल ती धरायची. हे एकदा हाताने केलं की पुन्हा विसरत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचं, ही तिथली पद्धत. २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनची सर्वांना वापरता येईल अशी कार्यशाळा, उभी राहिली. ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांची. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब आपल्या पाबळची! जगभरच्या फॅब लॅबमध्ये चालणाऱ्या फॅब अकॅडमीच्या अभ्यासक्रमातही कॉम्प्युटरवरच्या डिझाईनला लागूनच कटिंग येतं, आणि लेझर किती जागा खातो हे शिकणाऱ्यांनी स्वतः मोजायचं असतं.

सुरुवात कशी करायची?

१. पहिल्या दिवशी फक्त पुठ्ठा, पट्टी आणि कटर घ्या. दोन तुकडे खाचेत अडकवून उभे करा.

२. तेच दोन तुकडे कॉम्प्युटरवर काढा. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि एकदा टाकून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

३. फाइल घेऊन लेझर कटिंगचं काम करणाऱ्या दुकानात जा. पालघर-बोईसरला चौकशी करा. जवळच्या हायस्कूलमध्ये अटल टिंकरिंग लॅब असेल, तर थ्रीडी प्रिंटर बघायला मिळेल का, ते मुख्याध्यापकांना विचारा.

४. घरी जोडून बघा, चुकलेलं माप वहीत लिहा, फाइल सुधारा. ही फेरी तीन-चार वेळा झाली की मगच मखर हातात घ्या.

नक्षी इंटरनेटवरून उचलू नका. गटातल्या ज्या ताईंचा रांगोळीत किंवा वारली चित्रात हात बसलाय, त्यांनी कागदावर काढावी. तिचा फोटो घेऊन इंकस्केपमध्ये रेघा करता येतात.

पैशाचं आणि जिवाचं

मशीनचा हप्ता लगेच सुरू होतो, हात बसायला मात्र वेळ लागतो. म्हणून पहिला हंगाम डिझाईन आपलं आणि कटिंग दुकानाचं, असं करा. शीट, कटिंग, येणं-जाणं आणि आपली मजुरी, सगळं वहीत मांडा. काम नियमित मिळतंय असं दिसलं की मग मशीनचा विषय ग्रामसंघात ठेवा.

आणि फाइल आपल्याकडेच ठेवा. दुकानदाराने काढून दिलेली फाइल त्याच्याकडेच राहिली, तर पुढच्या वर्षी तो सांगेल तो दर द्यावा लागेल, किंवा तेच मखर दुसऱ्याच्या नावाने विकलं जाईल.

पुढे स्वतःची मशीन आलीच, तर दोन गोष्टी विसरू नका. रेक्झिन किंवा पीव्हीसी लेझरवर कधीही कापू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि मशीन चालू असताना जागा सोडू नका. पुठ्ठा पटकन पेट घेतो. धूर बाहेर टाकणारा पंखा आणि आग विझवायचं साधन जवळ हवंच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक रिकामा खोका आणि पट्टी घेऊन या. पहिली खाच तिथेच कापू.

तुमची क्षेत्र समन्वयक